नव्वद मिनिटांचा लॉट

११ नोव्हेंबर

नोकरी मिळाली. त्या दारातून आत गेले, खुर्चीवर बसले, त्या माणसाने मागवलेला चहा प्यायले आणि हसून "थँक्यू सर" म्हणाले. अठरा वर्षं ज्याच्या नावाने दातओठ खाल्ले त्याला सर म्हणताना जीभ काही झडली नाही. याची नोंद असावी म्हणून येताना ही वही विकत घेतली.

सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मीच मऊ पडले तर वाचता येईल.

बाबा या कातडी कमावण्याच्या कारखान्यात अंगठेवाले होते. कातडं चुन्यातून निघालं, केस गेले, की ते फुगलेलं आणि ताठ असतं. मग ते मोठ्या लाकडी ड्रममध्ये कोमट पाणी घालून एका पावडरीबरोबर फिरवतात. पावडर त्याला सैल करते. कमी सैल झालं तर पुढे त्याचा पुठ्ठा होतो, जास्त झालं तर वरचा थर सुटतो आणि भोकं पडतात. नेमकं कधी थांबायचं ते घड्याळाला कळत नाही. त्यासाठी एक माणूस डोळे मिटून कातड्यावर अंगठा दाबतो. अंगठा उचलल्यावर ठसा तसाच राहिला, की ड्रम थांबवायचा आणि थंड पाणी सोडायचं. वीस वर्षं तो अंगठा बाबांचा होता. बाबा चांगले शिकलेले, रोज पेपर वाचणारे, तरी कामगार त्यांना लाडाने अंगठेबहाद्दर म्हणायचे.

मग एक लॉट वाया गेला. आठशे कातडी. मालकाने भर अंगणात, साठ माणसांसमोर, बाबांना सुनावलं, "झोपा काढायच्या तर घरी जाऊन काढा." मी चौदा वर्षांची होते. बाबा डबा विसरले म्हणून मी तो द्यायला गेटपाशी आले होते. बाबा मान खाली घालून माझ्या शेजारून निघून गेले, माझ्याकडे बघितलंही नाही. डबा माझ्या हातातच राहिला.

माझे बाबा कामावर झोपणारे नव्हते. घरीसुद्धा त्यांना दुपारी कधी आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी कुठेच काम केलं नाही. आई मी लहान असतानाच गेली होती, आत्याने वाढवलं. आत्याने त्याच वर्षी शाळेत माझं आडनाव बदलून आईच्या माहेरचं लावलं, बट्टा लागलेलं नाव पोरीला कशाला म्हणून. मी रसायनशास्त्र घेतलं, त्यातही एन्झाइम्स. मैत्रिणींना वाटायचं, काय आवड आहे हिला. आवड कसली, डूख धरला होता मी.

सोमवारपासून कामावर. केमिस्टबाई म्हणून.


१७ नोव्हेंबर

कारखाना आठवत होता त्यापेक्षा लहान निघाला. अंगणात फरशी, डावीकडे चुन्याचे हौद, उजवीकडे ड्रमची लांब खोली. तीन ड्रम, दोन चालू. मला दिलेली प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक तराजू, एक गळकं बेसिन आणि पावडरीच्या डब्यांची रांग.

मालक म्हातारा झालाय. वाकलाय, खोकतो. रबरी एप्रन घालून दिवसभर ड्रमपाशी. बाबांच्या नंतर त्याने दुसरा अंगठेवाला ठेवलाच नाही, स्वतःच अंगठा लावतो. दुसऱ्यावर विश्वास टाकणं या माणसाच्या रक्तातच नसणार.

ड्रम चालवणाऱ्याचं टोपणनाव सावकाश. तीस वर्षं इथे आहे आणि कोणी काहीही सांगितलं की आधी "सावकाश होऊ दे" म्हणतो. मला म्हणाला, "बाई, पहिल्या आठवड्यात नाक रुसतं. दुसऱ्या आठवड्यात आपोआप समजूत पटते त्याची."


१८ नोव्हेंबर

बाबांना "लॅबमध्ये नोकरी" एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी मी दारात चपला काढत होते तेवढ्यात ते खुर्चीतून म्हणाले, "चुना अजून जास्तच टाकतो तो."

वासावरून ओळखलं.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "तिथे नको करूस नोकरी."

"का?"

"नको म्हणजे नको." मग पेपरकडे बघत म्हणाले, "तो वाईट माणूस नाही."

आतून आत्या कडाडली, "हो का? मग भिंतीवर फोटो लावा त्याचा."

बाबांचं हे असं. ज्याने जोडे मारले त्याचेच जोडे पुसतील. त्यांना राग येत नाही म्हणून त्यांच्या वाटचाही मला करावा लागतो.


२ डिसेंबर

सावकाशने आज विचारलं, "बाई, ही पावडर करते काय नक्की? तीस वर्षं टाकतोय, कोणी सांगितलं नाही."

मी म्हणाले, "तुम्ही सकाळी खाल्लंत ते नुसत्या कोमट पाण्यात ठेवलं असतं, तर विरघळायला किती वर्षं लागली असती देव जाणे. तुमच्या पोटात ते चार तासांत पचतं. कारण पोटात एन्झाइम्स असतात. ही पावडर म्हणजे जनावराच्या पोटातलंच एन्झाइम, सुकवून डब्यात भरलेलं."

"म्हणजे हा ड्रम कातडं पचवतो?"

"पचवायला लागतो. पूर्ण पचायच्या आत आपण थांबवतो."

त्याला हे फार आवडलं. म्हणाला, "आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी यात पाखरांची विष्ठा टाकायचे."

"त्यातही हेच असायचं. तेव्हा नाव माहीत नव्हतं, एवढंच."

मग मी त्याला उंबरठ्याचं सांगितलं. शरीरात जो जो बदल होतो, जेवण पचणं, श्वासातून ताकद मिळणं, जखम भरणं, त्या प्रत्येकाच्या आधी एक उंबरठा असतो. उंबरठा उंच असला की बदल होतच नाही, किंवा इतका हळू होतो की न झाल्यासारखा. एन्झाइम कोणाला ढकलत नाही. ते फक्त उंबरठा बुटका करतं. जे पलीकडे जाणारच होतं ते मग पटकन जातं. आणि काम झालं की एन्झाइम जसंच्या तसं बाहेर पडून पुढच्याकडे वळतं. खर्ची पडत नाही. मात्र एकाचं काम दुसरं करत नाही. पिठाचं एन्झाइम पिठाला, चरबीचं चरबीला.

"सरकारी ऑफिस," सावकाश म्हणाला. "हे टेबल माझं नाही, पुढे जा."

हसले. पण डोक्यात ते राहिलं. काम करायचं आणि जसंच्या तसं बाहेर पडायचं. मलाही तेच करायचंय. हा कारखाना बुडणारच आहे, म्हातारा आणखी किती वर्षं रेटणार? मी फक्त उंबरठा खाली करणार.


९ डिसेंबर

आत्याने चहा गाळून ग्लास बाबांपुढे ठेवला. कपबशी असायची त्यांची, ती फुटली. बाबांनी ग्लास मुठीत धरला आणि माझ्याशी बोलत बसले. आत्या ओरडली, "अरे दादा, वाफा निघतायत त्यातून." त्यांनी ग्लासकडे बघितलं, मग खाली ठेवला. अंगठ्यावर दोन फोड आले.

"लक्ष नव्हतं," म्हणाले.

यादी करायला घेतली आहे. त्या माणसाने बाबांचं काय काय नेलं. एक, काम. दोन, नाव. तीन, लक्ष.


३० डिसेंबर

मालकाला दिवसभर खोकला. ड्रमला टेकून उभा राहिला होता. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही.


१४ जानेवारी

आज त्याने मला अंगठा लावायला शिकवलं. "माझी छाती ही अशी भात्यासारखी," म्हणाला, "कोणालातरी हे यायला हवं."

"डोळे मिटा."

"डोळे कशाला मिटायचे?"

"डोळे घाई करतात."

मी अंगठा टेकवला, नख थोडं बाहेर वळवलं आणि दाबला. ओलं, गार पडत आलेलं कातडं अंगठ्याखाली खचलं आणि तसंच राहिलं. तळहातापर्यंत कळलं ते. मला वाटलं होतं किळस येईल. नाही आली. बाबांचं वीस वर्षांचं आयुष्य या एवढ्याशा खळग्यात होतं.

डोळे उघडले तर तो माझ्या हाताकडे बघत होता. "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"बरं," म्हणाला आणि पलीकडच्या ड्रमकडे गेला.

हा माणूस इतकं हळू बोलतो की ड्रम चालू असताना कान द्यावा लागतो. त्या दिवशी मात्र गेटपर्यंत ऐकू गेलं होतं. दाखवायचे दात वेगळे म्हणतात ते असे.


२१ जानेवारी

सावकाशकडून सहज विचारावं तसं त्या लॉटचं काढून घेतलं.

"मालक आणि अंगठेवाले, दोघं बराच वेळ ड्रमच्या मागे उभे होते," तो म्हणाला. "काय बोलले ठाऊक नाही. मग मालक एकदम अंगणात आले आणि ओरडले. मालक ओरडत नाहीत हो बाई. आवाज फाटला होता त्यांचा."

म्हणजे बाबांनी ड्रमच्या मागे हात जोडले असणार, पदर पसरायचा तो पसरला असणार. आणि सगळं ऐकून घेऊन हा अंगणात येऊन ओरडला. एवढ्या विनवण्यांनंतर. तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारभर माझं एकही माप बरोबर आलं नाही.


२८ जानेवारी

ठरलं.

हातमोज्यांच्या कातड्याची मोठी मागणी आली आहे. बाराशे बकऱ्यांची कातडी. हातमोज्याचं कातडं बोटांवर दुसऱ्या चामडीसारखं बसायला हवं, म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त सैल करावं लागतं, अगदी कडेपर्यंत. म्हातारा म्हणतो हा लॉट नीट गेला तर कारखाना पाच वर्षं तरतो. गेला नाही तर दारं बंद.

पावडर दुप्पट टाकली की काम निम्म्या वेळात होतं. एवढं साधं आहे. तो वेळ सांगेल त्याच्या अंदाजाने, नेहमीच्या पावडरीचा. मी त्याने सांगितलेला वेळ एक मिनिटही न चुकता पाळेन. निम्म्या वेळात कातडं तयार होईल, आणि उरलेल्या निम्म्यात एन्झाइम थांबणार नाही, कारण त्याला थांब म्हणणारं कोणी नसेल. त्याच्याच तोंडच्या आकड्याने त्याचं तोंड काळं होईल. मग अंगणात साठ माणसांसमोर मी विचारीन, साहेब, झोपला होतात का?

साठ आता राहिले नाहीत. बावीस आहेत. बावीस पुरे.


३ फेब्रुवारी

बाबांनी पेपर दिला तर कोपऱ्यावर लाल डाग. अंगठ्याला चीर पडली होती, चांगली खोल, डब्याच्या पत्र्याने असेल. सगळ्या पानांवर रक्त. त्यांना पत्ताच नव्हता. आत्या म्हणाली, "हल्ली शर्टाची बटणंही मीच लावते. म्हातारा झाला दादा."

म्हातारा नाही झाला. माणसाला एकदा सगळ्यांदेखत मारलं की पुढचं काही लागत नाही, हे आत्याला कसं कळणार. यादीत चार, वेदना.

मनात येऊन जातं कधी कधी, सावकाशचं काय? बाकी एकवीस जणांचं? तेव्हा पहिलं पान उघडून वाचते. त्या साठ जणांपैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं. सगळे मूग गिळून उभे होते. सावकाशही त्यात होता.


१२ फेब्रुवारी

घोडं गंगेत न्हालं. मालक छातीच्या तपासण्यांसाठी तीन दिवस हॉस्पिटलमध्ये. लॉट पंधराला, तो नसताना. मला बोलावून चिठ्ठी दिली, स्वतःच्या हाताने लिहिलेली. पाणी सदतीस अंश, पावडर इतकी, वेळ नव्वद मिनिटं.

"पण घड्याळ नोकर आहे," म्हणाला. "अंगठा सांगेल ते शेवटचं."

"हो सर."

"भीती वाटते?"

"नाही."

"वाटायला हवी थोडी." आणि खोकत गेला.

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे.


१५ फेब्रुवारी, दुपार

आत्ताच लिहिते.

साडेदहाला पावडर टाकली. दुप्पट. सावकाश म्हणाला, "बाई, आज डबा लवकर संपला वाटतं." मी म्हणाले, "हातमोज्यांचं आहे ना." तो "सावकाश होऊ दे" म्हणाला आणि ड्रम फिरवला.

सव्वाअकराला ड्रम थांबवून एक कातडं ओढून डोळे मिटून अंगठा लावला. तयार होतं. इतकं सुंदर तयार होतं की क्षणभर सगळं विसरायला झालं. तिथे थंड पाणी सोडलं असतं तर माझ्या हातून निघालेलं पहिलं आणि सगळ्यात चांगलं कातडं झालं असतं. मी सावकाशला सांगितलं, "फिरवा. मालकांनी नव्वद सांगितलीत."

मग मला सुचलं. कसं सुचलं माहीत नाही. हा सूड बाबांचा, मग शेवटचा शब्दही त्यांचाच हवा. शितावरून भात कळतो. हातभर पट्टी कापली, ड्रममधल्याच कोमट पाण्यात बुडवून डब्यात घातली आणि स्कूटरवर घरी आले. सात मिनिटं. डब्यातही पावडर आपलं काम करतच होती. माझ्या मनात होतं, बाबा अंगठा लावतील, दचकतील, म्हणतील, अगं हे तर गेलं. मग मी सांगीन कोणाचं गेलं ते.

आत्या बाहेर गेली होती. मी पट्टी टेबलावर पसरली. "बाबा, मालकाच्या लॉटमधली आहे. बघा ना."

ते खुर्चीत सरळ झाले. अठरा वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बाह्या वर सारल्या. डोळे मिटले. अंगठा टेकवला, नख बाहेर वळवलं, दाबला.

अंगठा आत गेला. दुधावरची साय बाजूला व्हावी तसा वरचा थर सरकला, त्याखालचा फाटला आणि अंगठ्याचं टोक टेबलाच्या लाकडाला टेकलं. बाबांनी डोळे मिटूनच थोडं आणखी दाबलं. चेहरा शांत होता.

"कच्चं आहे अजून," म्हणाले. "अर्धा तास जाऊ दे."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. फोडांचे डाग. चिरेवरची खपली. शर्टाची आत्याने लावलेली बटणं. कोणी कानफटात मारावी तसं सगळं एकदम कळलं. त्यांना लागतच नव्हतं. आज नाही, काल नाही. कधीपासून, ते मला विचारवेना.

त्यांनी डोळे उघडायच्या आत मी पट्टी ओढून डब्यात टाकली. "अर्धा तास ना? सांगते," म्हणाले.

"मालकाला सांग, अंगठा कोणाचा ते," ते म्हणाले आणि हसले.

स्कूटर कशी चालवली आठवत नाही. ड्रमपाशी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते, म्हणजे पावडर टाकून पंचाहत्तर मिनिटं. मी थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडला. सावकाश म्हणाला, "बाई, पंधरा मिनिटं आहेत अजून." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, त्याची माफी मागायची आहे.

जाड पाठीची कातडी तेवढी वाचली. मोजली, दोनशे नव्वद. बाकीची हातात घेतली की हातातच राहतात, तुकड्यांनी.

सूड नको झाला, म्हणून पाणी सोडलं असं नाही. तो कोणावर उगवायचा तेच हातातून निसटलं.


१७ फेब्रुवारी

मालक सकाळी आले. प्लॅस्टिकखाली ढीग ठेवला होता. त्यांनी एक कातडं ओढलं, डोळे मिटून अंगठा लावला, आरपार गेला, एप्रनला पुसला. मग उलट्या बादलीवर बसले.

"दुप्पट टाकलीस," म्हणाले. मला पहिल्यांदाच तू म्हणाले.

"हो."

"आणि वेळ माझी."

"हो. चिठ्ठी जपून ठेवली आहे."

"तेव्हाही असंच झालं होतं," ते म्हणाले. "फक्त तेव्हा कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मी नवी पावडर आणली होती, दुप्पट जोराची. डबे बदलले आणि तुझ्या बापाला सांगायचं विसरलो. त्याचा अंगठा जिवंत असता तर सांगायची गरजही नव्हती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी कळलं. दोन वर्षं त्याला काही लागत नव्हतं. वासावर आणि ड्रमच्या आवाजावर चालवत होता. आणि छान चालवत होता हो. मला तरी फरक कळला नाही."

"मग झोपले म्हणून का ओरडलात?"

ते बराच वेळ खोकले. "त्यानेच सांगितलं. इथेच, या ड्रमच्या मागे. म्हणाला, झोपलो म्हणा. झोप ही एका दिवसाची चूक असते. अंगठा मेला म्हणालात तर माझा मागचा प्रत्येक लॉट लोक पुन्हा दाबून बघतील. आणि म्हणाला, मोठ्याने म्हणा, म्हणजे कोणी दुसरं कारण शोधणार नाही."

"मी गेटपाशी होते."

"दिसलीस. ओरडून झाल्यावर दिसलीस."

मी विचारलं, "आणि नव्या पावडरीचं? ते कोणाला सांगितलंत?"

"नाही," ते म्हणाले. "त्याचं कारण सगळ्यांना पटलं होतं. मग माझं सांगायला तोंड उघडलं नाही. त्याला गेटवर तरी बसायला ये म्हणालो. आला नाही."

म्हणजे ते निर्दोषही नाहीत. तेवढं तरी माझ्या हाती राहिलं, पण त्याचं काय करू? अठरा वर्षं ज्या आगीवर हात शेकले, तिच्यात लाकडं बाबांनीच घातली होती, आणि मला कधी उठ म्हणाले नाहीत. मी आधी मालकांवर चिडले, मग बाबांवर, मग स्वतःवर. राग संपत नाही. बसायला जागा तेवढी शोधतोय.

"मला ओळखलं कधी?"

"पहिल्या दिवशी. आडनाव बदललंस, नाक बदलायला विसरलीस."

"मग घेतलंत कशाला?"

"बाप आला नाही. तू आलीस. वाटलं, अंगठा परत आला." त्यांनी ढिगावर प्लॅस्टिक ओढलं. "अंगणात माणसं उभी आहेत. काय सांगू?"

"खरं सांगा."

"कुठलं? एक सांगितलं की मागोमाग दुसरं बाहेर येणार. पोरीने मुद्दाम केलं म्हणालो, की का केलं. बापासाठी म्हणालो, की बापाचं काय. तीस वर्षं इथे असलेली माणसं आहेत ती, मूर्ख नाहीत."

मी ड्रमला हात टेकून उभी राहिले. मग म्हणाले, "सांगा, केमिस्टबाईचं माप चुकलं. पावडर दोनदा टाकली. मन ठिकाणावर नव्हतं तिचं."

"तुला कोणी कामावर घेणार नाही परत. या धंद्यात सगळं सगळ्यांना कळतं."

"मोठ्याने सांगा," मी म्हणाले.

त्यांना मोठ्याने बोलता आलं नाही. छातीच नाही राहिली तेवढी. अंगणात येऊन त्यांनी जेमतेम पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, मग पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. सावकाश आपल्या बुटांकडे बघत होता. मी बावीस माणसांच्या मधून चालत गेटबाहेर आले. माप चुकणारी केमिस्ट. या धंद्यात याहून वाईट नाव नाही.

घरी आले तेव्हा बाबा वाट बघत होते. परवापासून मी त्यांना टाळत होते. आत्या आत भांडी घासत होती.

"कसा निघाला लॉट?"

"लोण्यासारखा."

"अर्धा तास थांबलीस ना?"

"थांबले. तुम्ही सांगितलं तेवढंच."

त्यांनी मान हलवली. अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हळूहळू घासत बसले. "मालक काय म्हणाला?"

"म्हणाले, असा अंगठा परत मिळाला नाही."

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, बाह्या नीट केल्या आणि म्हणाले, "उद्या आणखी एक तुकडा आण. बघतो मी."

मी हो म्हणाले.